पाथरीच्या गाडीतलं बोरीचं बाशिंग

एसटी स्टँडात शिरली की सरळ दाराकडे जाणारा माणूस नवखा समजावा. जाणता माणूस आधी खिडकी गाठायचा. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वेळेला कडेवरचं लेकरूसुद्धा सीटवर सोडायचा आणि मग निवांत दाराकडे वळायचा. अशा टाकलेल्या वस्तूला कुणी हात लावत नसे. सीटवर नुसती एक चप्पल पडलेली असली, तरी ती जागा त्या चपलेच्या मालकाची, हे सगळ्या परभणी जिल्ह्याला मान्य होतं.

त्या सकाळी जिंतूरच्या स्टँडवर माझ्या शेजारच्या सीटवर खिडकीतून एक खोकं आलं.

साल १९८५, मे महिना, रविवार. शाळेला सुट्टी होती. माझा चष्मा पापडांच्या चादरीवर राहिला होता आणि आमच्या घरच्यांनी, म्हणजे सरजाबाईंनी, त्याच्यावर पाय दिला होता. नवा चष्मा सेलूच्या दुकानात तयार होता. दुकान रविवारी दुपारी बंद व्हायचं, म्हणून मी सकाळची पाथरीची गाडी धरली. चष्म्याशिवाय मला माणूस दिसायचा तो एवढाच: वर पांढरं, मध्ये सावळं, खाली पुन्हा पांढरं. तसाच एक माणूस खिडकीबाहेर उभा होता.

"मास्तर, एवढं सीटवर ठेवा. दाबू नका बरं का. आलोच मी."

मला मास्तर कोणीही म्हणायचं. टोपी आणि खिशातला पेन पाहिला की विचारावं लागत नसे. मी खोकं ठेवून घेतलं. कुठं जायचंय, एवढं मात्र विचारलं नाही.

झालं होतं असं, की दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक आमची, पाथरीची. दुसरी बोरीवरून परभणीला जाणारी. आमच्या खिडक्या आणि तिचं दार यांच्यामध्ये चार हातांची बोळ आणि त्या बोळीत शंभर माणसं. गर्दीच्या रेट्यानं त्या माणसाचं तोंड आमच्या खिडकीकडे फिरलं, त्यानं खोकं आत सोडलं. मग रेट्यानं तो पुन्हा फिरला आणि समोर आलेल्या दारातून वर चढला. दार परभणीच्या गाडीचं होतं. खोकं पाथरीला निघालं आणि माणूस परभणीला. दोघांनाही पत्ता नाही.

मी मात्र शब्द दिलेला माणूस. गाडी सुटली, गावाबाहेर पडली, तरी मी खोक्यावर हात ठेवून बसलेलो. उभ्या माणसांची गर्दी अंगावर येत होती. समोरच्या सीटवर मांडीवर टरबुजांची पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती. नर्मदाबाई तिचं नाव, नातवाकडे पाथरीला चालली होती. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, हे खोकं कुठं उतरणार हाय?"

"त्याचा माणूस यायलाय, आजी."

"कुठून यायलाय? गाडीमागं पळत?"

आसपासची माणसं हसली. कंडक्टर नागनाथ तिकिटं फाडत तिथवर आला. पंचविशीतला, तोंडात पान.

"गुरुजी, बसलेल्या खोक्याला अर्धं तिकीट लागंल."

"आरे, ते माणसाची जागा धरून बसलंय."

"मग माणसाचं पुरं तिकीट काढा. आता चारठाणा येईल. माणूस काही येत न्हाई."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की खरंच येत नाही. मी उठून गाडीभर विचारलं, "हे खोकं कोणाचं?" कोणाचंच नव्हतं. नर्मदाबाईनं तेवढ्यात सरकून, खोक्याशेजारच्या माझ्या जागेवर आपलं बूड टेकवलं आणि टरबुजांची पिशवी वरच्या फळीवर ठेवून दिली. पाय मोकळे करते म्हणाली.

पुढच्याच खड्ड्यात पिशवी कलंडली. एक टरबूज फळीवरून निघालं ते सरळ खोक्याच्या कोपऱ्यावर येऊन फुटलं.

"दाबू नका" असं बजावून ठेवलेलं खोकं. पुठ्ठा लाल पाण्यानं भिजून बसायला लागला. तोच उभ्या माणसांतून एक हात आला आणि त्यानं खोकं वरच्या वर उचललं. पांढरा बुशशर्ट घातलेला तरुण होता, काखेत फाईल. पाथरीला कचेरीत कारकून आहे, पंडित त्याचं नाव, हे नंतर कळलं. त्यानं भराभर सुतळी सोडली, झाकण काढलं आणि सगळी गाडी वाकून बघू लागली.

आत बाशिंगांची जोडी होती. नवरदेवाचं मोठं, नवरीचं धाकटं. भेंडाची पांढरीशुभ्र फुलं, जरीच्या झिरमिळ्या, मधे आरशाचे बारीक तुकडे. भेंड म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या झाडाचा गाभा, फुंकर मारली तर उडेल इतका हलका. नुसत्या कोपरानं चेचला जातो. टरबुजाचं पाणी त्याच्यापासून दोन बोटांवर येऊन थांबलं होतं.

झाकणाच्या आत लग्नाची पत्रिका खोचलेली होती. मला वाचता येईना, पंडितनं वाचली. "बोरी. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सुमन. वडील तात्याराव. शुभमुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटं. तारीख..." तो थांबला. "आजचीच हाय. मामा, मुंजाजी."

"मुंजाजी?" नर्मदाबाई उभीच राहिली. "आमच्या शिवेला शीव हाय त्याच्या गावाची. आगं माय, गेलं की मग सगळं."

"काय गेलं, आजी?"

तिनं सांगितलं ते असं. मुंजाजी म्हणजे नवरीच्या आईचा, मालनबाईचा, भाऊ. आठ वर्षांमागं त्यानं मेव्हण्याला, या तात्यारावाला, शेतात हुरडा खायला बोलावलं. माणूस हौसेनं कोवळी कणसं भाजून देत होता आणि तात्याराव चार लोकांत म्हणाला, "मेव्हणे, तुमचा हुरडा वातड हाय." तेवढ्यावर दोघांचं बोलणं बंद. बहिणीच्या दारात जाणं बंद. आता भाचीचं लग्न निघालं, तेव्हा मालनबाईनं नवऱ्याला सांगितलं, की बाशिंग मामाचंच लागतं, माझ्या भावाला बोलवा, न्हाई तर मी मांडवात येत न्हाई.

"तात्यारावानं चिठ्ठी धाडली," नर्मदाबाई म्हणाली. "काय लिव्हलं? बाशिंग घेऊन वेळेवर या. या, बसा, जेवा, काई न्हाई. नुसतं बाशिंग घेऊन वेळेवर या. आन आता हा गडी मोकळ्या हातानं जाईल. तात्याराव म्हणंल, बगा, हुरड्यासारखंच केलं. पुन्हा आठ वर्षं."

नर्मदाबाई सोडली तर गाडीतल्या साठ माणसांपैकी एकानंही मुंजाजीला कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिला होता तो धुरकट. पण साऱ्यांचे चेहरे असे झाले, जणू आपलंच कोणी मांडवाच्या दारात उभं आहे.

नागनाथनं घड्याळ पाहिलं. "देवगाव फाट्यावर दहाच्या सुमाराला जालन्याची गाडी येते. जिंतूरवरून, बोरीवरून परभणीला जाते. तिच्यात कोणी बसलं तर मुहूर्ताला पोचंल."

"मी जातो," मी म्हणालो. जागा मी धरली होती. चष्मा काही कुठे जात नव्हता.

"मी बी येतो," पंडित म्हणाला. "तुम्हाला दिसत न्हाई, गुरुजी. रविवार हाय. खोलीवर जाऊन धुणंच धुवायचं होतं. धुणं काय, वाट बघतंय."

हे ठरलं, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. खोकं म्हणजे आता ओला लगदा होता. फळीवर टरबुजं. सीटवर माणसं. हातात उंच धरावं तर खड्ड्यागणिक छपराला टेकायचं. भरलेल्या एसटीत मोकळी जागा एकच उरते, माणसाचं कपाळ.

"मग लावा की कपाळाला," कोणीतरी म्हणालं.

"खबरदार," नर्मदाबाई म्हणाली. "लगीन झालेल्यानं बाशिंग बांधलं तर त्याचं दुसरं लगीन टळत न्हाई."

माझ्यासकट पुष्कळजण मागे सरकले.

"मी बिनलग्नाचा हाय, आजी," नागनाथ पुढे झाला. "आणा इकडं."

"आन बिनलग्नाच्यानं दुसऱ्याचं बांधलं, तर बारा वर्षं त्याचं ठरत न्हाई."

नागनाथ दोन पावलं मागे गेला आणि घाईनं कोणाला तरी तिकीट विचारू लागला.

म्हणजे लग्न झालेल्यांना चालत नव्हतं आणि न झालेल्यांनाही. गाडीत तिसऱ्या जातीचं माणूस कुठून आणायचं, या विचारात सगळे पडले. इतका वेळ पंडित दोन्ही हातांनी थाळीसारखी बाशिंगं तोलत उभा होता. तो हळूच म्हणाला, "आजी, आमच्यात बाशिंगच नसतं. वंदना होते, एकमेकांना हार घालतात, झालं लगीन."

"कोण तुमी?"

त्या वर्षांत आमच्याकडे हा प्रश्न आला की आजूबाजूचं बोलणं आपोआप थांबायचं. विद्यापीठाच्या नावावरून जिल्हा पेटून विझला होता, आणि पुरता विझलाही नव्हता. पंडितनं एकदा खिडकीबाहेर पाहिलं.

"बौद्ध."



"थांब," नर्मदाबाई म्हणाली. "मला इचार करू दे."

तिनं डोळे मिटले. सगळी गाडी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. ड्रायव्हरनंही आरशातून पाहिलं असावं, कारण एक खड्डा आम्ही पुरा सोसला.

"तुमच्यात नसतंच ना?"

"न्हाई."

"मग तुला नेमच लागत न्हाई. तुझ्या डोक्यावर ही नुसती टोपी. ये इकडं, बस खाली, बांधते."

"तुमी बांधता? तुमच्या हातानं?"

"मग काय कंडक्टरच्या? त्याला लगीन करायचंय."

पंडित तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. म्हातारीनं मोठं बाशिंग त्याच्या कपाळावर ठेवलं, दोरे मागे नेले आणि अशी करकचून गाठ मारली, की त्याच्या भुवया वर गेल्या. म्हशी बांधून बांधून हात घट्ट झालेत म्हणाली. तो उठून उभा राहिला तेव्हा झिरमिळ्या थरथरत होत्या आणि साऱ्या गाडीभर आरशांचे कवडसे नाचत होते. मागच्या सीटवरच्या एका पोरीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

नवरीचं बाशिंग राहिलं. ते पण त्यालाच बांधा, म्हटलं मी.

"एका डोक्यावर दोन बांधली की नवरा-बायकोचं जन्मभर पटत न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. "मास्तर, ते तुमी. पण गाठ मारायची न्हाई. घरी बायको हाय. नुसतं कपाळाला धरायचं."

मी उजव्या हाताच्या दोन बोटांनी ते नाजूक बाशिंग कपाळाला धरून उभा राहिलो. झेंडावंदनाला उभा राहतो तसा. फरक एवढाच, की झेंडावंदन दोन मिनिटांत संपतं.

फुटलेलं टरबूज तोवर म्हातारीनं वाटून टाकलं होतं. "नातवाला तीन हायेत अजून," म्हणत तिनं माझ्या तोंडातही एक फोड घातली, कारण माझा हात अडकलेला होता.

देवगाव फाट्यावर आम्ही उतरलो. आमचा ड्रायव्हर गाडी सोडेना. "जालन्याची येईस्तोवर थांबावं वाटायलंय," म्हणाला. नागनाथनं त्याला वेळापत्रकाची आठवण दिली आणि स्वतःच पाच मिनिटं जास्त थांबला. गाडी निघाली तेव्हा प्रत्येक खिडकीतून हात बाहेर होते. नर्मदाबाई ओरडून सांगत होती, "गाठ कापू नका रं. कापायची नसते."

फाट्यावर मे महिन्याचा वारा सुटला होता, धुळीचा आणि गरम. झिरमिळ्या तोंडावर येऊ लागल्या. तिथे बायनाबाई नावाची एक बाई चहाचं दुकान चालवायची. तिनं आमच्याकडे पाहिलं, भजी तळायचा झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "आधी सावलीला या, मग सांगा." मी सांगितलं. ती आतून गोणपाट घेऊन आली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. उरलेली गिऱ्हाइकं चहाच्या कपबश्या घेऊन आमच्याभोवती गोल उभी राहिली. सात अनोळखी माणसं वाऱ्याला पाठ करून चहा पीत होती आणि मधे आम्ही दोघं, एक बांधलेला, एक धरलेला. भजी करपली. बायनाबाई म्हणाली, करपू द्या.

जालन्याची गाडी अर्धा तास उशिरा आली आणि तीही खच्चून भरलेली. तिचा कंडक्टर दारातूनच हात हलवू लागला, "जागा न्हाई, जागा न्हाई, मागून..." आणि पंडितच्या कपाळाकडे पाहून त्याचा हात तसाच राहिला.

"नवरदेव हाय व्हय? मग असं सांगायचं. चढा, चढा. ओ, नवरदेवाला जागा द्या."

पाच माणसं एकदम उठली. आम्ही बसलो. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या मांडीवरचा नारळ पंडितच्या मांडीवर ठेवला.

"नवरी कुठली?"

"बोरीची," पंडित म्हणाला. खोटं नव्हतं.

"आन वऱ्हाड?"

पंडितनं माझ्याकडे बोट केलं.

गृहस्थांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "आन ह्यांनी काऊन बाशिंग लावलं?"

पंडित सगळं सांगायला लागला. गृहस्थांनी ते पुढच्या सीटला सांगितलं, पुढच्या सीटनं आणखी पुढे. मागच्या बाजूनंही गोष्ट सरकत गेली. जिंतूर यायच्या आत ती फिरून आमच्याकडे परत आली, तेव्हा तिच्यात मामानं रुसून बाशिंग फेकून दिलं होतं, मास्तरांनी धावत्या गाडीतून उडी मारून ते झेललं होतं आणि त्यात त्यांचा चष्मा फुटला होता. पंडित नको नको म्हणाला, पण आता गोष्ट त्याच्या हातात राहिली नव्हती. माझा हात दुखू लागला तेव्हा मागच्या सीटवरून कोणीतरी माझ्या कोपराखाली आपली पटक्याची गुंडाळी सरकवून दिली. कोण ते मला दिसलं नाही. वळता येत नव्हतं.

जिंतूरला ही गाडी वीस मिनिटं थांबते. ड्रायव्हर उतरला, नळावर तोंड धुतलं आणि परत चढला. "चहा बोरी गेल्यावर," म्हणाला. ज्या स्टँडवर सकाळी हा सगळा घोळ झाला होता, तिथून आम्ही पावणेबाराला निघालो.

बोरीच्या थांब्यावर बारा वीस झाले होते. गाडी पुरी थांबायच्या आतच खिडकीला एक तोंड आलं. वर पांढरं, मध्ये सावळं. दोन्ही हातांनी गज धरलेले.

"ह्या गाडीत कोणाला खोकं..." आणि मग मला पाहून, "मास्तर. दाबलं तर न्हाई ना?"

मुंजाजी सकाळी साडेनऊपासून तिथं उभा होता. परभणीच्या गाडीत त्यानं सीटासीटांखाली खोकं शोधलं, लोकांशी भांडला, आणि बोरी आली तेव्हा मोकळ्या हातानं उतरला. मांडवाचा आवाज थांब्यापर्यंत येत होता. त्याला जाववेना. तेव्हापासून येईल त्या गाडीच्या खिडकीत डोकावणं चाललं होतं. ही सहावी. आवाज बसला होता.

"न्हाई दाबलं," मी म्हणालो. "पण खोकं गेलं."

त्यानं पंडितच्या कपाळाकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिथंच रस्त्यावर बसून हसायला लागला. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसू लागला. "उठा हो," पंडित म्हणाला, "पंधरा मिनिटं राहिली."

लिंबाखाली वऱ्हाडाचा बँडवाला ताफा सावलीला बसला होता. उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना वाजवत न्यायचं काम त्यांच्याकडे. गाडीतून बाशिंग बांधलेला तरणा उतरताना दिसला आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. मोठ्या ढोलावर टिपरी पडली. आम्ही थांबवायला तोंड उघडलं, पण ढोलापुढे तोंडाचं काय चालतं. पुढे बँड, मध्ये पंडित, शेजारी सलाम ठोकत मी, मागे मुंजाजी, आणि वाटेत सामील झालेली बोरीची पन्नास पोरं. पंडित सुरुवातीला शरमला. मग वाजवणं चांगलं होतं म्हणून असेल, त्याचा एक खांदा उडू लागला. पोरांनी ते पाहिलं आणि रस्ताभर नाचायला सुरुवात केली.

मांडवात खरा नवरदेव पाटावर बसून होता. बिनबाशिंगाचा. दारातून दुसरा नवरदेव वाजत गाजत येताना त्यानं पाहिला आणि त्याच्या तोंडावर जे आलं, ते मला चष्म्याशिवायही दिसलं.

"हे कोण?" तात्याराव पुढे आला. उंच माणूस, डोक्याला गुलाबी फेटा, रागानं मान ताठ.

"बाशिंग आलंय," मी म्हणालो. "आधी काढून घ्या, बाकीचं मागून."

"सात मिनिटं," भटजी म्हणाले.

मुंजाजी पंडितच्या मागे गेला आणि गाठ सोडवू लागला. ती सुटेना. नर्मदाबाईची गाठ उन्हानं आणि घामानं अजून आवळली होती. कोणीतरी कात्री आणली. "कापायची न्हाई," पंडित ओरडला, "आजीनं सांगितलंय." मांडवातल्या साऱ्या बायकांनी आजी कोण ते न विचारताच मान डोलावली. कापायची नसतेच.

"पाच मिनिटं."

मुंजाजी ओढी तसं पंडितचं डोकं मागे येत होतं आणि झिरमिळ्या हेलकावत होत्या. भेंडाचं एक फूल निखळून खाली पडलं. ते पाहून तात्यारावाला राहवलं नाही. तो पंडितसमोर आला आणि त्यानं दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं घट्ट धरलं. पुढे तात्याराव, मागे मुंजाजी, मधे पंडितचं डोकं. दोघांच्या तोंडांत एक वीतभर अंतर. आठ वर्षांत इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

मुंजाजी खाली मान घालून नखांनी गाठ खरवडत होता.

"धरलंय मी," तात्याराव म्हणाला. "सावकाश सोडवा, मेव्हणे."

मुंजाजीची बोटं थांबली. मांडव थांबला. भटजी घड्याळाकडे पाहायचं विसरले.

"दाजी," मुंजाजी म्हणाला, "जरा उजवीकडं वळवा."

तात्यारावानं डोकं उजवीकडे वळवलं.

"उलीसं खाली."

खाली केलं. "माझी मान हाय ती," पंडित मधूनच म्हणाला, आणि त्यावर तात्याराव पहिला हसला. गाठ सुटली. मुंजाजीनं बाशिंग उचललं आणि दोन मिनिटं शिल्लक असताना खऱ्या नवरदेवाच्या कपाळाला बांधलं. या वेळी साधी गाठ.

नवरीचं माझ्यापाशी होतं. मालनबाई ते घ्यायला आली. माझा हात कपाळापासून निघेना, कोपरच अडकलं होतं. तिनं बाशिंग अलगद काढून घेतलं, मग माझा हात धरून दोन्ही हातांनी खाली आणला, लेकराचा आणावा तसा. तेवढ्यात तिची नजर माझ्या मागे गेली.

"दादा, ओठ बघ कसे वाळलेत तुझे," ती म्हणाली. "पाणी न्हाई पिलास सकाळपासून."

मुंजाजीनं मान हलवली. तिनं स्वतः तांब्या आणून दिला. अक्षता पडत होत्या आणि हा माणूस मांडवाच्या खांबाला टेकून घटाघटा पाणी पीत होता.

जेवणाच्या पंगती बसल्या, तेव्हा पंडितचं ताट कुठं मांडायचं यावरून दोघं-तिघं एकमेकांकडे पाहू लागले. पंडित ते ओळखून फाईल शोधू लागला. मुंजाजी आपल्या पाटावरून उठला नाही, नुसती शेजारची जागा हातानं झटकली आणि तिथं आपलं उपरणं टाकलं.

"ही धरलेली जागा हाय," तो म्हणाला.

धरलेल्या जागेला कोण काय बोलणार. पंडित येऊन बसला. तात्यारावानं स्वतः येऊन दोघांच्या ताटात बुंदी वाढली, पंडितच्या ताटात जरा जास्त.

संध्याकाळी मी घरी पोचलो. सरजाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"चष्मा?"

"न्हाई आणला."

"मग दिवसभर काय केलं?" त्यांनी जवळ येऊन माझ्या कपाळाला चिकटलेली जरीची टिकली नखानं काढली आणि दिव्यासमोर धरली. "कोणाशी लावून आलाव?"

मी सगळं सांगितलं. गाठ मारली नव्हती, हे दोनदा सांगितलं.

पुढच्या जानेवारीत मुंजाजीचं कार्ड आलं, हुरड्याला या म्हणून. मी नवा चष्मा लावून गेलो. तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट पाहिला. डाव्या गालावर तीळ होता. नर्मदाबाई आली होती, पंडित आला होता, नागनाथही ड्यूटी बदलून आला होता. त्याचं ठरलं होतं. बायनाबाईनं दुकान सोडवत नाही म्हणून भज्यांची पुडी पाठवली होती, न करपलेल्या. तात्याराव बांधावर फेटा काढून बसला होता.

गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून निघाली. मुंजाजीनं हातावर चोळून पहिली मूठ तात्यारावाला दिली. त्यानं दाणे तोंडात टाकले आणि चावू लागला. सगळे त्याच्या जबड्याकडे पाहत होतो. तो चावत राहिला, गिळला, मिशीवरचा कोंडा झटकला.

"कसा हाय, दाजी?" मुंजाजीनं आराकडे पाहत विचारलं.

तात्यारावानं रिकामा तळवा पुढे केला.

"इथून कळत न्हाई. अजून एक मूठ द्या."

त्यानं दुपारपर्यंत अकरा मुठी खाल्ल्या. मत काही दिलं नाही.